शेगडी नसू दे, फ्रीज केवढा आहे ते आधी विचारा

परदेशात मिळणाऱ्या खोलीत शेगडी नाही, ओव्हन नाही, वर्षभर तिथेच राहायचंय, तर घरीच नीट, पौष्टिक जेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. देश सोडल्यावर सुरुवातीचा बराच काळ मी अशाच खोलीत काढला. पुढे स्वयंपाकघर मिळालं तरी तेव्हाच्या निम्म्या सवयी अजून टिकून आहेत.

भाडेकरार करण्याआधी घरमालकाला दोन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पहिली, खोलीत विजेची कुठली उपकरणं चालतील? इंडक्शन आणि हॉटप्लेटला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, पण किटली, मायक्रोवेव्ह किंवा आपोआप बंद होणारा राइस कुकर चालतो. दुसरी, फ्रीज केवढा आहे आणि त्याला वेगळा फ्रीझर आहे का? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. उष्णतेचं काहीतरी जमवता येतं. फ्रीजच नसेल तर भाज्या, दही, दूध, अंडी, उरलेला भात, सगळ्याचीच पंचाईत होते आणि माणूस बिस्किटांवर येतो. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या आत हवं. छोट्या फ्रीजच्या आकड्यांच्या बटणावर विसंबू नका, आत एक साधा थर्मामीटर ठेवा. आत नुसता बर्फाचा कप्पा असेल तर गोठवलेल्या भाज्या त्यात फार दिवस टिकत नाहीत, त्यांना उणे १८ अंश लागतात.

उपकरणं इथून नेऊ नका, तिथेच घ्या. काही देशांत वीज २३० व्होल्टची असते, काहींत १२० च्या आसपास. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टचा कुकर १२० वर लावला तर ताकद निम्मी नव्हे, साधारण चौथा हिस्सा उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. भात शिजत नाही, नुसता भिजत बसतो. उलट केलं तर उपकरण जळतं. आणि किटली, कुकर, मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेंशन बोर्डावर एकदम चालवू नका.

एकच वस्तू घ्यायची परवानगी असेल तर मी बहुतेक वेळा राइस कुकर म्हणेन, वर वाफवायची जाळी असलेला. साध्या कुकरच्या तळाशी एक चुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, चुंबकाचा जोर जातो आणि बटण टक करून वर उडतं. हे कळलं की पुढचं आपोआप कळतं: पातळ डाळ किंवा सूप ठेवलं तर पाणी आटत नाही, म्हणून कुकर स्वतःहून बंदही होत नाही. तिथे लक्ष ठेवून बटण आपणच वर करायचं. तांदूळ आणि मसूर डाळ निम्मी-निम्मी घेऊन अडीच पट पाणी घाला, पण भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस झाकणातून बाहेर येतो. शेवटची दहा मिनिटं जाळीवर गाजर, फ्लॉवर, ब्रोकोली ठेवा. अंडी ठेवायची तर थोडी आधी, पंधरा मिनिटं तरी. एका बटणात पूर्ण जेवण होतं. वरून लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र जेवणाला लागून नको, त्यांचा परिणाम बरोबर उलटा.

मायक्रोवेव्हला लोक उगाच नावं ठेवतात. दोन चमचे पाण्यात, सैल झाकण ठेवून, तीन-चार मिनिटांत भाजी होते. पाणी आणि वेळ दोन्ही कमी लागल्यामुळे भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त टिकतं. तो सगळीकडे सारखं तापवत नाही, म्हणून मध्येच ढवळायचं आणि नंतर मिनिटभर तसंच राहू द्यायचं. बटाट्याला काट्याने भोकं पाडा. कवचासकट अंडं कधीही ठेवू नका, फुटतं. सोललेलं उकडलेलं अख्खं अंडंही त्यात गरम करू नका, कधीकधी ते बाहेर काढल्यावर, तोंडात फुटतं. अंडं फेटून कपात घातलं तर प्रश्न नाही.

नुसती किटली असेल तर तिच्यात काही शिजवू नका, वाडग्यात उकळतं पाणी ओता. ओट्स होतात. कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, तेवढ्याच मापाच्या पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवलं की तयार. त्यात डब्यातले चणे, काकडी, टोमॅटो, थोडं तेल. डब्यातली कडधान्यं शिजवलेलीच असतात, पण खारट पाण्यात ठेवलेली. ते पाणी ओतून देऊन दाणे नळाखाली धुतले की बरंच मीठ निघून जातं. मिठाकडे खरंच लक्ष ठेवा, कारण शेगडी नसलेला माणूस हळूहळू पाकिटं आणि सॉसवर जगायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे, आणि भाज्या-फळं मिळून किमान ४०० ग्रॅम.

अजिबात उष्णता नसली तरी दही, चीज, शेंगदाणे, डब्यातली मासळी, कच्च्या भाज्या, फळं यांवर चांगलं भागतं. प्रथिनांचा हिशेब मात्र रोज मनात ठेवा: एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या चण्यांत ८-९. शाकाहारी असाल आणि दूधही घेत नसाल तर ब-१२ चं काय करायचं ते डॉक्टरांना जाण्यापूर्वीच विचारा.

तीन धोके मात्र पक्के लक्षात ठेवा. शिजलेला भात बाहेर ठेवू नका. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढलेले जिवाणू जे विष सोडतात ते पुन्हा तापवून जात नाही. पसरट डब्यात निववा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. कोरडा राजमा मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये थेट शिजवू नका. भिजवून, पाणी बदलून, आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो, नाहीतर उलट्या ठरलेल्या. ती सोय नसेल तर राजमा डब्यातलाच घ्या. आणि मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका, मोड आणणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तेवढीच मानवते. वाफ काढून खा.

कुकर आल्यावर धुराच्या अलार्मखाली ठेवू नका, नुसत्या वाफेनेही तो वाजू शकतो. घरमालकाचं उत्तर आलं की काय काय चालतं तेवढं कळवा. मायक्रोवेव्ह आणि कुकर यांतलं एकच निवडायचं असेल तर फ्रीझरवर ठरेल: चांगला फ्रीझर असेल तर मायक्रोवेव्ह आणि गोठवलेल्या भाज्या, नाहीतर कुकर.