‘आमची मुलगी जागची हलत नाही’

‘मॅडम, ही दिवसभर नुसती बसून राहते, तुम्ही तरी सांगा व्यायाम करायला,’ अशी तक्रार घेऊन येणारे इतके आईवडील मला नागपुरात भेटले आहेत की, आता पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारते, ‘ती मनसोक्त खेळत होती ते कधी, आणि ते थांबले कसे?’

प्रतापनगरातील एका कुटुंबाची हकिकत तपशील बदलून सांगते. मुलगी एकवीस वर्षांची, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी. वडिलांनी वर्षभराची जिमची फी भरली होती आणि ती जेमतेम आठ दिवस गेली होती. आईला घोर लागला होता तो स्थळांचा, कारण फोटो पाहून एका घरून वजनाची विचारणा झाली होती. पहिल्या दोन भेटींत मुलगी ‘मला आवडत नाही’ यापलीकडे काही बोलली नाही.

तिसऱ्या भेटीत वडील तिला म्हणाले, ‘आपल्या नागपूरचीच बॅडमिंटनपटू मालविका बनसोड बघ. २०२२ मध्ये तिनं सायना नेहवालला हरवलं. अन् तू?’

मुलगी एकदम ताठ बसली. ‘बाबा, माझी रॅकेट कुठे आहे?’

बराच वेळ कोणी बोलेना. मग आई हळूच म्हणाली, ‘माळ्यावर.’

‘आठवीत पाळी सुरू झाली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता मोठी झालीस, पोरांसमोर उड्या मारणं शोभत नाही. दादा मात्र रोज ग्राउंडवर जायचा. मी तुमचं ऐकलं, बाबा.’

त्या क्षणी मी मुद्दाम गप्प राहिले, आणि तो निर्णय योग्य ठरला याचे मला आजही समाधान आहे. कारण त्या शांततेत आईला स्वतःचा खो-खो आठवला, नववीत तिच्या आईने असाच बंद केलेला. एका व्यक्तीची सवय ही अनेकदा साऱ्या घराने मिळून घडवलेली असते, असे मी मानते. ज्याला हे आईवडील आळस म्हणत होते, तो त्यांच्याच मुलीचा आज्ञाधारकपणा होता. ज्या शरीराला तेराव्या वर्षी झाकून बसायला शिकवले, तेच एकविसाव्या वर्षी लग्नासाठी घडवून दाखव, असे तिला सांगितले जात होते.

अशा पालकांना मी आधी वजनाचा विषय बंद करायला सांगते. व्यायाम कोणता, केव्हा आणि कोणाबरोबर, हे मुलीने ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा गतीने रोज वीस-बावीस मिनिटे चालणेसुद्धा त्यात बसते. नागपूरच्या मे महिन्यात ते सकाळी लवकर उरकावे. त्रास होत नसेल, तर पाळीच्या दिवसांतही खंड पाडण्याचे कारण नाही. विशीपर्यंत हाडांची बरीचशी घडण होऊन जाते, म्हणून ज्यांच्या मुली आज आठवीत आहेत त्यांनी रॅकेट माळ्यावर टाकूच नये, हे मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते.

या घरात वडिलांनी रॅकेट स्वतः उतरवली आणि तिचे गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा बसवणे, नव्याने करून घेतले. मुलगी आता आठवड्यातून चार दिवस खेळते. पहिल्या दिवशी तिने आईलाही सोबत नेले, आणि आई साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून गेली होती.