पक्ष्याचं जपानी चित्र लाकडी ठशानं छापलंय की प्रिंटरवर, हे कसं ओळखायचं?
चित्र उलटं करून पाठ बघा: हातछपाईत रंग कागदात मुरून मागे अंधूक उमटतो, आणि तिरप्या उजेडात घासल्याच्या गोलसर खुणा दिसतात. जपानी पद्धतीत प्रेस नसतो. रंग लावलेल्या ठशावर ओलसर कागद ठेवून ‘बारेन’ नावाच्या चकतीनं पाठीमागून घासतात. मग भिंग घ्या. पिसांत एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती यंत्रछपाई, विकणारा काहीही सांगो. हातछपाईत पांढऱ्या बगळ्याची पिसं तर कधीकधी रंगाशिवाय, नुसत्या दाबानं उठवलेली असतात. मात्र हातछपाई म्हणजे जुनी छपाई नव्हे. जपानी चित्रकार ओहारा कोसोन (१८७७–१९४५) यांच्या पक्षिचित्रांच्या, नव्यानं कोरलेल्या ठशांवरून काढलेल्या प्रतीही बाजारात असतात.