वॉचमनच्या सिनेमाला प्रेक्षक कुठून आणायचे?

निफाडजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये अठरा रात्री जागून तुम्ही पाच विद्यार्थ्यांनी ७८ मिनिटांचा थ्रिलर केलात. रात्रपाळीचा वॉचमन रोज क्रेट मोजतो आणि मोजणीत रोज एक क्रेट कमी निघतो. वितरक म्हणतात गाणं नाही, ओळखीचा चेहरा नाही. २२ महोत्सवांना पाठवलात, सहा महिन्यांत एकाचाही होकार नाही. मग आता यूट्यूबवर टाकून मोकळं व्हावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

टाकू नका. निदान वर्षभर तरी नाही. एकदा सगळ्यांसाठी खुला केलात की बऱ्याच महोत्सवांची दारं बंद होतात, आणि वितरकाकडे जायला तुमच्या हातात काही उरत नाही.

तुम्ही पाठवलेल्या लिंकवर मी सिनेमा दोनदा पाहिला. वॉचमन रजिस्टरात ४१२ लिहितो, खोडतो, ४११ लिहितो, पुन्हा खोडतो आणि शेवटी पेन्सिलीच्या टोकाने कागदाला भोक पडतं. त्या भोकातून खालच्या पानावरचा आकडा दिसतो. हे सुचायला डोकं लागतं. तुमचा ट्रेलर या एका प्रसंगाचा हवा. आत्ताच्या ट्रेलरमध्ये धावपळ, किंकाळी आणि ढोल आहेत, सिनेमात यातलं काहीच नाही. धावपळ बघायला आलेला माणूस विसाव्या मिनिटाला उठून जाईल आणि बाहेर जाऊन वाईट बोलेल. संथ भीती आवडणारा माणूस मात्र तो ट्रेलर बघून येणारच नाही. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

आता त्या २२ नावांबद्दल. यादी बघून खरंच वाईट वाटलं. त्यातले बरेचसे दर महिन्याला ऑनलाइन बक्षिसं वाटणारे आहेत. वीस-तीस डॉलर घेतात, निवड झाली तर पोस्टरवर लावायला पानांची नक्षी पाठवतात, पण कुठल्याही पडद्यावर खेळ होत नाही. फी भरण्याआधी एवढंच विचारा: गेल्या वर्षी तुमचा महोत्सव कुठल्या थिएटरात झाला? उत्तर आलं नाही तर तिथे पैसे घालू नका.

तुमच्या हातात थ्रिलर आहे, आणि तुम्ही मात्र अर्जात 'एकाकीपणावरील चिंतन' असं लिहून तो लपवला आहे. उलट करा. माँट्रियलचा फँटेशिया, स्पेनमधला सिट्जेस, दक्षिण कोरियातला बुचॉन हे महोत्सव भीती, रहस्य आणि अद्भुताचेच आहेत. तिथल्या निवड समितीला पॅकहाऊसमधला वॉचमन परका वाटणार नाही, नवा वाटेल. अमेरिकेतला स्लॅमडान्स तर पहिलटकर दिग्दर्शकांच्या कमी खर्चाच्या सिनेमांसाठीच निघाला. आपल्याकडे पिफमध्ये, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, मराठी चित्रपटांची वेगळी स्पर्धा असते. केरळचा आयएफएफके आणि धरमशालाचा महोत्सव इथला प्रेक्षक शेवटपर्यंत बसून बघणारा आहे. गोव्यात इफ्फी या सरकारी महोत्सवाच्या दिवसांत एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार') भरतो, त्याच्या व्ह्यूइंग रूममध्ये, म्हणजे सिनेमे बघायच्या दालनात, नाव लागलं तर परदेशी महोत्सवांचे निवडकर्ते तुमचा सिनेमा आपणहून उघडतात. माझ्या मते तिथली फी त्या २२ पैकी दहांच्या फीपेक्षा जास्त उपयोगाची.

फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या 'ला सिनेफ' विभागाचं तुम्ही विचारलंत. तो चित्रपटशाळांच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी तिथे २०२० आणि २०२४ मध्ये पहिलं बक्षीस मिळवलं. पण तिथे लांबी ६० मिनिटांपर्यंतच चालते. त्यासाठी १८ मिनिटं कापू नका. तुमचा सिनेमा वाट बघण्यावर उभा आहे, ती वाट कापली तर उरेल फक्त चोरीची गोष्ट.

सहा महिने म्हणजे फार झाले असं वाटत असेल तर दोन मराठी सिनेमांच्या तारखा सांगतो. 'कोर्ट' २०१४ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसला दाखवला गेला, तिथे बक्षिसं मिळाली, आणि आपल्या थिएटरांत आला एप्रिल २०१५ मध्ये. 'स्थळ' सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोला होता, महाराष्ट्रात लागला मार्च २०२५ मध्ये. बक्षीस खिशात असूनही एवढा वेळ लागतो.

थिएटरात लावण्यासाठी मामांकडून उसने पैसे घ्यायचा विचार आहे असं लिहिलंत. घेऊ नका, कळकळीने सांगतो. दर पडद्यासाठी व्हीपीएफ (डिजिटल प्रक्षेपणाची फी) भरायचा, पोस्टर, जाहिरात, आणि मिळणार सकाळी दहाचा एक खेळ, तोही शुक्रवारी लावतात आणि सोमवारी उतरवतात. तिकिटाच्या पैशातून कर आणि थिएटरचा वाटा गेल्यावर हातात येतं त्यातून पोस्टरचाही खर्च निघत नाही. हे मी स्वतः भोगलं आहे.

त्यापेक्षा तो वेळ कागदपत्रांना द्या. कॉलेजच्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण केलंत, म्हणजे सिनेमाचा मालक कोण हे कॉलेजकडून लेखी घ्या. नटांची संमतिपत्रं घ्या, त्या दोन हमालांचीसुद्धा. आणि ३१ व्या मिनिटाला वॉचमनच्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजतं, ते काढा. माझ्या पहिल्या सिनेमात चहाच्या टपरीवर बारा सेकंद असंच गाणं होतं. एका वाहिनीशी बोलणी ठरली, करार आला, त्यांनी गाण्याच्या हक्काचा कागद मागितला. हक्काची किंमत वाहिनी देणार होती त्यापेक्षा जास्त निघाली. संवाद आणि गाणं एकाच ट्रॅकवर होतं, त्यामुळे वेगळं करता आलं नाही. करार गेला. तुमच्याकडे ट्रॅक वेगळे आहेत, एका संध्याकाळचं काम आहे.

सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते एकदा मिळालं की कायमचं. पूर्वी दहा वर्षांची मुदत असे. वॉचमन बिडी ओढतो, तेव्हा तंबाखूचा इशारा आणि सुरुवातीची-मधली आरोग्य जाहिरात टाकावी लागेल. सिनेमात दिसणारं कुत्रं दृश्यासाठी मुद्दाम आणलं असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं पत्र मागतील, त्याची चौकशी आजच सुरू करा.

पण या सगळ्याच्या आधी दोन-तीन चाचणी खेळ करा, निमंत्रितांपुरते, चाळीस-पन्नास माणसांचे. मित्र बोलावू नका. माझा दुसरा सिनेमा इस्लामपूरला वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा मी पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसलो होतो. दुसऱ्या रांगेत एक आजोबा शेंगा खात होते. सोलायच्या, टरफल खिशात, दाणा तोंडात, घड्याळासारखं चाललेलं. नायिका जिना चढायला लागली आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला, अर्धी सोललेली शेंग धरून. जवळजवळ दोन मिनिटं. तेव्हा कळलं की तो जिना बरोबर आहे. त्याच खेळात ५० व्या मिनिटानंतर सगळा हॉल खोकायला लागला. पाऊसपाण्याचे दिवस म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं. कराडला त्याच जागी पुन्हा तेच. घरी येऊन चार मिनिटं कापली, खोकला गेला. चर्चेत लोक 'छान आहे' म्हणतात, अंग मात्र खोटं बोलत नाही.

आणि प्रेक्षक कोण, याचाही नीट विचार करा. तुम्ही फक्त फिल्म सोसायट्यांना पत्रं लिहिलीत. प्रभात चित्र मंडळ, आशय यांच्याकडे जाच, पण मराठीत रहस्याचा वाचक त्याहून कितीतरी मोठा आहे. दिवाळीत आधी 'धनंजय' हा रहस्यकथांचा दिवाळी अंक उघडणारी माणसं गावोगाव वाचनालयांत सापडतात. ती संथ गोष्टीला कंटाळत नाहीत, पानभर वर्णन वाचून शेवटची ओळ यायची वाट बघायची त्यांना सवय आहे. नाशिकला सार्वजनिक वाचनालयाचं साईखेडकर नाट्यगृह तुमच्या दारात आहे. प्रायोगिक नाटकवाले, एकांकिका स्पर्धांमधली मुलं हीसुद्धा तुमचीच. परदेशातली महाराष्ट्र मंडळं नंतर, चांगली इंग्रजी सबटायटल्स झाल्यावर. सध्याची शब्दाला शब्द आहेत. 'माल भरला' ला 'गुड्स फिल्ड' लिहून चालणार नाही. एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकांना सिनेमा दाखवून त्यांच्याकडून नव्याने लिहून घ्या.

पिंपळगाव बसवंतला एक खेळ मात्र नक्की ठेवा, महोत्सवांचं वर्ष संपल्यावर. ज्यांनी क्रेट खरोखर मोजले आहेत त्यांच्यासमोर. ओटीटीसारखे ऑनलाइन प्लॅटफॉर्म त्यानंतर. तेव्हा करारात मुदत किती, कुठले देश, आणि त्यांनी ठरल्या वेळेत प्रदर्शित केला नाही तर हक्क परत तुमच्याकडे, एवढी तीन वाक्यं आहेत का बघा. नसतील तर सही करू नका, कितीही गोड बोलले तरी.

पहिल्या चाचणी खेळाची तारीख ठरली की कळवा. सांगलीहून रात्रीच्या गाडीने येईन आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसेन.