कर्नेलला पॅच पाठवायचाय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : ताई, मी बार्शीचा. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी बऱ्यापैकी येतं, लिनक्स रोज वापरतो. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा. लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काहीतरी करायचं मनात आहे. सोर्स उतरवून घेतला, पण नुसते फोल्डर बघूनच दडपण आलं. आधी कुठलं पुस्तक वाचू? आणि कॉमेंटमधली स्पेलिंगची चूक दुरुस्त करून पाठवली तर चालतं का?

उत्तर : पुस्तक राहू दे. कर्नेलच्या ओळी तीन कोटींच्या वर गेल्यात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त निरनिराळ्या ड्रायव्हरच्या (उपकरणं चालवणाऱ्या कोडच्या) आहेत. सगळं कर्नेल कळणारा माणूस जगात नाही. लिनक्स सुरू करणारे लिनस टॉरव्हाल्ड्ससुद्धा त्या त्या भागाच्या मेंटेनरवर (तो भाग सांभाळणाऱ्यावर) विसंबूनच कोड घेतात. तेव्हा 'आधी सगळं समजून घेतो, मग हात लावतो' हा बेत सोड.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी मेंटेनरकडे नाही : तुझा तो जुना लॅपटॉप. त्यावर स्वतः बांधलेलं कर्नेल चालवून दाखव, ही पहिली पायरी. उबुंटूसारख्या डिस्ट्रोची कॉन्फिग (कर्नेलमध्ये काय काय घ्यायचं याची यादी) जशीच्या तशी घेतलीस तर हजारो मॉड्यूल (कर्नेलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग) बिल्ड होत बसतील आणि लॅपटॉप रात्रभर तापेल. त्याऐवजी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' दे. आत्ता मशीनमध्ये जी मॉड्यूल लोड झालेली आहेत तेवढीच ते ठेवतं. म्हणून ही कमांड देण्याआधी पेन ड्राइव्ह, हेडफोन, मोबाइलची केबल, प्रिंटर, जे जे वापरतोस ते एकदा जोडून घे. नाहीतर नवं कर्नेल झोकात सुरू होतं आणि पेन ड्राइव्ह ओळखत नाही.

दोन ठिकाणी हमखास अडतं, म्हणून आधीच सांगते. डेबियन किंवा उबुंटूची कॉन्फिग असेल तर सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड थांबतं. कॉन्फिगमध्ये 'सिस्टिम ट्रस्टेड कीज'पुढचं नाव पुसून अवतरणचिन्हं रिकामी ठेव. उबुंटूत 'रिव्होकेशन कीज'चंही तसंच कर. दुसरं, सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं कर्नेल बूटच होत नाही. बायोसमध्ये जाऊन ते बंद कर. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नेल निवडायच्या, मेनूतलं जुनं कर्नेल मात्र काढू नकोस, उद्या परत यायला तेच लागेल.

हे जमलं की आरसी, म्हणजे पक्क्या आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती, चालवायला घे. टॉरव्हाल्ड्स साधारण दर रविवारी नवी आरसी काढतात, आपल्याकडे तेव्हा बहुधा सोमवारची पहाट असते. एखाद्या सोमवारी तुझं वायफाय लागणार नाही, किंवा झाकण मिटून उघडल्यावर टचपॅड मेलेला असेल. तेव्हा वैतागू नकोस, काम आपणहून दारात आलंय. 'डीमेसेज' (कर्नेलने नोंदवलेले संदेश) जपून ठेव आणि 'गिट बायसेक्ट' लाव. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची ही कमांड बिघाड शोधायला मदत करते. चालणारी आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये दहा हजार कमिट (नोंदवलेले बदल) असले तरी प्रत्येक वेळी निम्मे बाद होतात. चौदाएक वेळा बिल्ड आणि बूट केलंस की दोषी कमिट हातात येतं. जुन्या लॅपटॉपवर याला दोन-तीन संध्याकाळी जातील, जाऊ देत. 'टचपॅड चालत नाही' एवढंच लिहून पाठवलेली तक्रार पडून राहू शकते, पण 'अमुक कमिटपासून चालत नाही' म्हटलं की ते लिहिणाऱ्याला आणि मेंटेनरला लक्ष घालावंच लागतं. दुरुस्ती आली की ती चालवून बघ आणि तसं कळव. 'रिपोर्टेड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' या ओळींत तुझं नाव कर्नेलच्या इतिहासात कायमचं जातं. माझ्या मते नवख्यासाठी स्पेलिंगपेक्षा ही वाट कितीतरी बरी, कारण यात त्या ड्रायव्हरचा कोड आपसूक वाचून होतो.

आता स्पेलिंगचं. चालतं, पण एखाददुसरा पॅच (कोडमधला बदल), तोही पाठवायची रीत अंगवळणी पडावी म्हणून. त्यासाठी 'ड्रायव्हर्स/स्टेजिंग' हा फोल्डर बरा. अजून पुरते न सुधारलेले ड्रायव्हर तिथे ठेवतात आणि बहुतेकांसोबत काय काय बाकी आहे त्याची 'टूडू' फाइल असते. कोड लिहिण्याच्या शिस्तीतल्या चुका दाखवणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवलीस की इशाऱ्यांची रांग लागेल. पण ती स्क्रिप्ट घेऊन नेटवर्किंगच्या किंवा फाइल सिस्टिमच्या जुन्या कोडमधल्या मोकळ्या जागा नीट करत सुटू नकोस. तिथले लोक त्याला लुडबुड समजतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

पॅच ईमेलनेच जातो, साध्या मजकुरात. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये चिकटवलास तर टॅबच्या जागी स्पेस येतात, ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही. 'गिट सेंड-ईमेल' बसव. जीमेलच्या खात्याला त्यासाठी टू-स्टेप सुरू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. पहिला पॅच स्वतःलाच पाठव, आलेली मेल उतरवून 'गिट एएम'ने लावून बघ. लागला, तर मग 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट जी नावं सांगेल त्यांना पाठव.

पॅचच्या मजकुरात काय बदललं हे थोडक्यात लिही, का बदललं हे सविस्तर लिही. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' हवंच. 'हा कोड देण्याचा मला हक्क आहे' अशी ती हमी असते. आपला कोड लिनक्समध्ये घातला असं म्हणत एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला, त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली.

मग थांबायचं. नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे 'मर्ज विंडो', म्हणजे नवं काम मुख्य कोडमध्ये घ्यायचा काळ, तेव्हा नवख्याच्या पॅचकडे बघायला कुणाला सवड नसते. एरवीही आठवडा-दोन आठवडे उत्तर नाही आलं तर नम्रपणे आठवण कर. बदल सुचवले तर 'व्ही टू', म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, पाठव आणि आधीपेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिही. तिथला मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे. शिवाय तिथे नवख्यांना फाडून खातात असं ऐकलंय. – एक वाचक, परभणी

उत्तर : ऐकलंय ते जुनं आहे, खोटं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरव्हाल्ड्सनी स्वतःच्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास कर्नेलला आचारसंहिता आली. उत्तरं अजूनही तुटक येतात. 'नो, धिस इज राँग' एवढंच आलं तर तो राग समजू नये, तिकडे वेळ कमी असतो. उत्तर देताना त्यांच्या वाक्याच्या खाली आपलं वाक्य लिहा, सगळ्यात वर नको. इंग्रजीचं म्हणाल तर छोटी, सरळ वाक्यं पुरतात. जगभरचे मेंटेनर तसलंच इंग्रजी लिहितात.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी रात्र-रात्र या लिनक्सपायी जागते. यात चार पैसे मिळतात की नुसतीच हौस? – एक पालक, चिपळूण

उत्तर : मिळतात. कर्नेलमधलं बहुतेक काम पगारी माणसंच करतात. इंटेल, रेड हॅट, गूगल, एएमडी अशा कंपन्यांची. शिकाऊंसाठी वेगळे कार्यक्रम आहेत. लिनक्स फाउंडेशनची मेंटॉरशिप आहे, तिच्यात काही जागांना मानधन असतं, सगळ्यांना नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. आउटरीची हा कार्यक्रम या क्षेत्रात ज्यांना सहज शिरकाव मिळत नाही अशांसाठी आहे, त्यात मुलीही आल्या. तीन महिन्यांचे ७,००० डॉलर मिळतात. आउटरीचीत आधी अर्ज, मग काही आठवडे प्रत्यक्ष पॅच देऊन दाखवायचे, त्यावर निवड. म्हणजे ती रात्री जे करतेय तीच त्याची तयारी आहे. फक्त तिच्या कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक आणि कार्यक्रमाच्या तारखा आधी शेजारी ठेवून बघा. पहिल्या अर्जाच्या वेळीच कॉलेजचं वेळापत्रक मागतात आणि त्यात वेळ शिल्लक दिसत नसेल तर अर्ज तिथेच बाद होतो.