नवरा दोन वर्षांसाठी परदेशात चाललाय. दोन देशांत राहून रोजचं आयुष्य कसं चालतं? रोज किती बोलावं?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला आठ महिने झालेत, नवरा पुढच्या महिन्यात जातोय आणि जो तो सांगतोय, "आता काय, व्हिडिओ कॉल आहेत, दोन वर्षं चुटकीसरशी जातील." जात नाहीत. आमची चार वर्षं गेली, बायको संशोधनासाठी युरोपात आणि मी इथे. त्यातला एकही आठवडा चुटकीसरशी गेल्याचं मला आठवत नाही. पण गेली, हेही खरं. ती परत येऊन आता सव्वा वर्ष झालं. आत्ता शेजारच्या खोलीत आहे आणि मी हे लिहितोय हे तिला माहीत आहे, त्यामुळे फार थापा मारता येणार नाहीत.

प्रेमात हिशेब नसतो म्हणतात ना, ते एका घरात राहणाऱ्यांचं झालं. दोन देशांत राहायचं तर हिशेब ठेवावा लागतो, आणि तोही उघड. पैशांचा तर सगळेच ठेवतात. मी म्हणतोय तो झोपेचा, रजेचा, कोणी कोणासाठी संध्याकाळ मोडली त्याचा. आम्ही पहिलं दीड वर्ष तो ठेवला नाही. म्हणजे तोंडाने ठेवला नाही. मनातल्या मनात दोघांच्याही वह्या चालू होत्या आणि त्या एकमेकींशी अजिबात जुळत नव्हत्या.

सुरुवात घड्याळापासून होते. आमच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. नवरा कुठे चाललाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं बघून ठेवा, नाहीतर वर्षातून दोनदा कोणीतरी तासभर फोनकडे बघत बसतं आणि मग विनाकारण चिडतं.

साडेचार तास ऐकायला काहीच नाहीत. बारा तासांच्या फरकात संसार करणारे आम्हाला हसायचे. पण मला अजूनही वाटतं, त्यांचं एका अर्थी सोपं होतं. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र, दोघंही आपापल्या दिवसाच्या काठावर भेटणार. आमचं तसं नव्हतं. ती प्रयोगशाळेतून सात वाजता घरी पोचायची तेव्हा माझे साडेअकरा. ती दिवसभराचं सगळं आटपून मोकळी, बोलायला उतावीळ, आणि मी सहाच्या गजराकडे बघत बसलेलो. फरक दोघांमधला, पण जायची माझी एकट्याची झोप. (उन्हाळ्यात साडेदहा वाजायचे. ते सात महिने आमची सुगी.)

यावर मी काय केलं, तर हुतात्मा झालो. काहीही न बोलता रोज रात्री एकपर्यंत जागायचो. आणि मग एखाद्या मंगळवारी तिने "आज दमलेय रे, उद्या बोलू?" असं साधंसं विचारलं की माझा आवाज बदलायचा. तिला बिचारीला कळायचंच नाही की एवढ्याशा वाक्याने मला काय चावलं. दीड वर्षाने एकदा तिनेच विचारलं, "तू झोपतोस तरी कधी?" मी सांगितलं. ती चांगलीच भडकली. मी जागलो म्हणून नव्हे, इतके दिवस सांगितलं नाही म्हणून. तिचं म्हणणं असं की मी तिच्या नावावर तिला न विचारता कर्ज चढवत होतो. यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्यानंतर आम्ही बसून वेळा ठरवल्या. आठवड्यातले तीन दिवस तिच्या दुपारच्या सुट्टीत, म्हणजे तिचा एक, माझे साडेपाच, वीस मिनिटं. दोन दिवस रात्री, माझ्या झोपेतून. रविवारी वाटेल तेवढं. आणि बुधवारी फोनच नाही, कडकडीत उपवास. तुम्ही विचारलंय रोज किती बोलावं, तर माझं उत्तर हा बुधवार आहे. "आज का नाही केलास" हा प्रश्न आठवड्यातून एक दिवस तरी कायद्यानेच बंद असला पाहिजे. त्या दिवशी मी मित्रांकडे जायचो आणि घड्याळ बघायचो नाही. ती काय करायची ते मला नीटसं माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हीच त्यातली गंमत होती.

किती बोलावं हे ठरलं की बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे येणारच: "काय विशेष?" "काही नाही. तुझं?" "काही नाही." दोघंही एकमेकांना बातम्या द्यायला बसलेले आणि बातमीच नाही. साध्या दिवसात सांगण्यासारखं काही नसतंच. एका घरात असताना आपण सांगत थोडंच असतो? एक इकडे काहीतरी करतो, दुसरा तिकडे. आम्हाला हे सुचलं नाही, चुकून सापडलं. एका रविवारी मी कपड्यांना इस्त्री करत होतो, फोन कपाटाच्या फळीवर टेकवून ठेवलेला. पलीकडे ती काहीतरी टाइप करत होती. तिच्या कीबोर्डचा आवाज आणि माझ्या इस्त्रीची वाफ, चाळीसेक मिनिटं कोणी चकार शब्द बोललं नाही. मग ती मान वर न करता म्हणाली, "अरे, तुझ्या मागचं कॅलेंडर अजून मार्चवरच आहे." जून चालू होता. मी उठून तीन पानं फाडली. चार वर्षांतल्या शेकडो कॉल्समधला मला कुठला आठवतो म्हणाल, तर हा.

याच्या उलट टोकाची गोष्ट सांगतो, कारण तीत आमचा आठवडा वाया गेला होता. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात. 2009 मध्ये दहा वेगवेगळ्या भाषा तपासून संशोधकांनी हे मोजलं, आणि भाषांगणिक थोडा फरक असला तरी सगळ्या त्याच्याच आसपास होत्या. म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. आता काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सात हजार किलोमीटरला 35 मिलिसेकंद पुरतात. पण केबल सरळ रेषेत नसते, वाटेत यंत्रं असतात, चित्र आकसायचं नि उलगडायचं असतं, घरचा वायफाय असतो. एखाद्या दिवशी हे सगळं मिळून अर्ध्या सेकंदावर जातं. अर्धा सेकंद कानाला उशीर वाटत नाही हो, मनाला कचरणं वाटतं.

मी विचारलं, "डिसेंबरात येतेयस ना?" अर्धा सेकंद काही नाही. मग, "हो, येतेय ना."

संपलं. मी तो अर्धा सेकंद आठवडाभर चघळला. तिला यायचं नाहीये, ती शब्द शोधत होती, वगैरे. ती म्हणते तिने लगेच उत्तर दिलं होतं, आणि बहुधा दिलंच असणार. तेव्हापासून आमच्यात एक वाक्य रुळलं: "तू अडकलीस की नेट अडकलं?" निम्मी भांडणं तिथेच विझायची. आणि ज्याच्या उत्तरावर पुढचे महिने ठरणार आहेत, असा प्रश्न व्हिडिओवर विचारायचा नाही. लिहून विचारायचा, आणि उत्तराला एक रात्र द्यायची.

पण या सगळ्यापेक्षा आमच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य कुठलं असेल तर "ओटीपी आला का?" तिच्या इथल्या बँक खात्याला इथलाच नंबर जोडलेला, ते सिम माझ्या टेबलाच्या खणात एका जुन्या फोनमध्ये. तिने तिकडे काहीही केलं की खण वाजायचा. मी मीटिंगमध्ये असायचो. सहा आकडे वाचून दाखवेपर्यंत वेळ संपायची, मग पुन्हा. ते सिम रिचार्ज करायला मी एकदा विसरलो त्याची कथा मोठी आहे आणि तीत माझी बाजू कमजोर आहे.

कागदांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी असू द्या, बरेच देश तेवढी मागतात. जोडीदाराच्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला लागतो आणि त्यावर अनेकदा अपोस्टिल, म्हणजे 1961 च्या हेग करारातल्या देशांनी एकमेकांचे दाखले ग्राह्य धरावेत म्हणून मारायचा शिक्का. दोघंही एका गावात असतानाच ही कामं करून घ्या. तो तिकडे जाऊन नुसती एक सही पाठवायची म्हटली तरी कुरिअर, वकिलात आणि तीन आठवडे.

भेटींबद्दल लोक फार गोड बोलतात. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं तिथे, पाहुणा म्हणून कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. आम्हाला तो आकडा कधी आडवाच आला नाही, कारण त्याआधी माझी रजा संपायची. वर्षाला दोन भेटी, एकीला तिची रजा, एकीला माझी. येताना मात्र हाल. पूर्वेकडे येताना शरीर जास्त कुरकुरतं, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित सैल असतं, त्याला दिवस ताणलेला चालतो, आखडलेला नाही. म्हणून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर जाऊ नका, आणि विमानतळावरून सुटल्यावर पहिल्या आठवड्यात एकमेकांशी कुठलाही महत्त्वाचा विषय काढू नका. भेटीत मला सगळ्यात लागलेली गोष्ट अगदी बारीक होती. तिच्या घरात रात्री पाणी प्यायला उठलो आणि दिव्याचं बटण सापडेना. भिंतीवरून हात फिरवत उभा राहिलो. बायकोच्या घरात मी पाहुणा होतो.

आणि हिशेबात कधीच न बसणारी एखादी नोंद राहते. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ती नव्हती. तिचं तिकीट होण्यासारखं नव्हतं, मीच नको म्हटलं होतं, सगळं सुरळीत पार पडलं. मी तो विषय काढत नाही. ती काढते.

टिकतं का, याला मी एकट्याच्या अनुभवावरून काय उत्तर देणार? एवढं सांगतो की लोक भितात ते दूर असण्याला, आणि आमची खरी परीक्षा झाली ती एकत्र आल्यावर. 2006 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थी जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दूर राहून मग एका गावात आलेल्या जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडपी तीन महिन्यांच्या आत विलग झाली. ती जोडपी लग्न न झालेली, कोवळ्या वयाची, त्यामुळे आकडा जसाच्या तसा स्वतःला लावून घेऊ नका. पण मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ती परत आली तेव्हा मला वाटलं, झालं, आता सुटलो. तिसऱ्या दिवशी ती रात्री साडेनऊला झोपून गेली आणि साडेअकराला मी टक्क जागा, काय करावं कळेना, कारण चार वर्षं साडेअकरा म्हणजे ती. ती दाराला दोनदा कुलूप घालते, तिकडची सवय. मी बाथरूमचा दिवा चालू ठेवतो, एकट्याची सवय. पहिल्या महिन्यात आम्ही एकाच घरातून एकमेकांना मेसेज करत होतो, आणि खरं सांगू, मेसेजवर जास्त नीट बोलत होतो. मग एका बुधवारी ती म्हणाली, "आज बुधवार आहे," आणि दार लोटून आत बसली. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. बुधवार आम्ही अजून पाळतो.

आजही बुधवारच आहे, म्हणून तर इतकं लांबलचक लिहायला बसलोय. तुम्ही निघायच्या गडबडीत असाल. बाकी सगळं नंतर निस्तरता येईल, पण त्याच्या बँक खात्याला कुठला नंबर जोडलेला आहे आणि ते सिम कोणाच्या खणात राहणार आहे, ते आज रात्रीच विचारून घ्या.