रेसिपीच्या व्हिडिओसाठी पहिला लाइट कोणता घ्यावा?
दहा बाय बाराच्या स्वयंपाकघरात रिंग लाइट (गोल कड्यासारखा दिवा) चालेल का, असं विचारलंय. माझं मत, नको. चष्म्याच्या काचांवर दोन बांगड्या चमकतात, आमटीच्या वाटीत तिसरी!

त्यापेक्षा ६० वॅटचा एकच एलईडी आणि सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, घ्या. सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप, ९५ च्या वर बघा, नाहीतर हळदसुद्धा मळकट दिसते. लाइट बाजूने, साधारण ४५ अंशांवर, जरा उंचावरून. लाइटच्या विरुद्ध बाजूला पांढरं कार्डशीट टेकवलं की दुसऱ्या लाइटचे पैसे वाचतात. स्टँडमध्ये मात्र काटकसर नको. माझा पहिला स्टँड पंख्याच्या वाऱ्याने आडवा झाला होता.

घरची ट्यूब बंद ठेवा. तरी व्हिडिओत लाइटच्या लुकलुकण्याचे पट्टे दिसलेच तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा. खरेदीला मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा आणि लाइट लावून बघूनच पैसे द्या.