वेगवेगळ्या देशांत बसून एकाच गाण्यावर काम करताना ट्रॅक एकमेकांशी जुळत का नाहीत?

तुम्ही चौघं वेगवेगळ्या देशांत बसून एकच गाणं करता आहात आणि तुमच्या तक्रारी तीन आहेत. एकाचा ट्रॅक दुसऱ्याकडे उघडला की सूर चढतो, एकाचा ठेका किंचित मागे पडतो आणि लाइव्ह वाजवायला बसलं की लय सुटते. शिवाय हे गाणं पुढे अनोळखी लोकांना रीमिक्ससाठी खुलं करायचं आहे. सॉफ्टवेअर बदलून यातलं काहीही सुटणार नाही. प्रत्येक मशीन आपल्या घड्याळाने चालतं आणि ती घड्याळं जुळवायचं काम तुमचं आहे.

चढलेल्या सुराचं कारण जवळजवळ नेहमी सॅम्पल रेट असतं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले तो आकडा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता वाजली तर ती सुमारे ८.८ टक्के जलद पळते. १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० मात्रांचं) गाणं १३०.६ ला जातं आणि सूर दीड सेमीटोनच्या (पेटीवरच्या दीड पट्टीच्या) आसपास वर सरकतो. उलट घडलं तर तेच गाणं ११०.२५ वर येतं. हे आकडे दिसले की पिच शिफ्ट (सूर खालीवर करणारा इफेक्ट) लावून झाकपाक करू नका. फाइल काढून टाका आणि रूपांतराचा पर्याय चालू ठेवून पुन्हा आत घ्या. चौघांनी आधीच ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठरवून टाकलं तर ही वेळच येत नाही.

ठेका मागे पडण्याची कारणं जरा लपलेली असतात. पहिलं म्हणजे एमपी३. या फॉरमॅटमध्ये फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. लेम हा एमपी३ बनवणारा एन्कोडर आणि ती वाजवणारा डीकोडर मिळून ती साधारण ११०५ सॅम्पल होते, म्हणजे ४४.१ वर २५ मिलिसेकंद. काही प्रोग्राम ती आपोआप कापतात, काही कापत नाहीत, म्हणून एकाकडे जुळलेला ट्रॅक दुसऱ्याकडे सरकलेला दिसतो. वेव्ह फाइल जड असते हे खरं: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. जड वाटत असेल तर फ्लॅक (काहीही न गमावता फाइल लहान करणारा फॉरमॅट) करा, त्यात एकही सॅम्पल इकडचं तिकडे होत नाही.

दुसरं कारण ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्य संगणकाला जोडणारी पेटी. रेकॉर्डिंग किती उशिराने आत येतं हे ड्रायव्हर सॉफ्टवेअरला सांगतो, पण तो आकडा दरवेळी खरा नसतो. तो प्रत्येकाने एकदा स्वतः मोजावा. इंटरफेसच्या आउटपुट १ मधून इनपुट १ मध्ये सरळ केबल लावा. एका ट्रॅकवर तुटक क्लिक ठेवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर तीच रेकॉर्ड करा. या दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच बाहेर ऐकवणं) मात्र बंद हवं, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी सुरू होईल. आता दोन्ही क्लिक अगदी जवळून पाहा, पहिल्या शिखरांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा आणि तो आकडा सेटिंगमधल्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा. उणे भरायचं की अधिक, हे प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळं असतं. पुन्हा रेकॉर्ड करा, अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं पडलं. बफर (संगणक एका वेळी जितके सॅम्पल साठवून हाताळतो तो आकडा) बदलून आणखी एकदा मोजा. तेव्हा आकडा हलला तर ड्रायव्हरवर विसंबू नका आणि रेकॉर्डिंगसाठी एकच बफर कायम ठेवा.

सुरुवात जुळते आणि शेवट सुटतो, असं असेल तर प्रकार निराळा. कोणीतरी क्लिक फोनवर ऐकत दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड केलं असणार. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० चा फरक असला तरी ५ मिनिटांत १५ मिलिसेकंदांची तफावत पडते. सोबतचा ट्रॅक ज्या यंत्रावर वाजतो, त्याच यंत्रावर रेकॉर्ड करा.

लाइव्ह वाजवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खंड वेगळे असतील तर तो नाद सोडा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे ८००० किलोमीटरला एका बाजूने ४० मिलिसेकंद निव्वळ अंतरातच जातात, बफर आणि वळणावळणाचा मार्ग वेगळाच. एका बाजूचा उशीर २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की वाजवणारे नकळत एकमेकांसाठी थांबतात आणि लय खाली घसरत जाते. जवळच्या शहरांत जॅम्युलस, सोनोबस किंवा जॅकट्रिप हे इंटरनेटवरून एकत्र वाजवायचे प्रोग्राम छान चालतात. मात्र वायफायऐवजी केबल आणि ब्लूटूथऐवजी तारेचे हेडफोन हवेत. लांबच्यांसाठी निंजॅम हा प्रोग्राम आहे. तो उशीर लपवत नाही, मुद्दाम वाढवून एका आवर्तनाएवढा करतो: इतरांचं मागचं आवर्तन ऐकत तुम्ही चालू आवर्तन वाजवता. १२० बीपीएमला १६ मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांचं होतं. एकाच स्वरावर रेंगाळणाऱ्या जॅमला हे झकास, कॉर्ड भराभर बदलणाऱ्या गाण्याला निरुपयोगी.

आता स्टेम, म्हणजे रीमिक्ससाठी द्यायच्या प्रत्येक वाद्याच्या किंवा आवाजाच्या सुट्या फाइली. वाद्य १७व्या बारला येत असलं तरी फाइल पहिल्या बारपासूनच काढा आणि सगळ्या फाइलींची लांबी एकसारखी ठेवा, म्हणजे घेणारा त्या शून्यावर टाकून मोकळा. शिखर उणे ६ डीबीएफएसच्या खाली असू द्या (शून्य डीबीएफएस ही डिजिटल आवाजाची कमाल पातळी). आवाज आणि मुख्य वाद्य इफेक्टशिवाय व इफेक्टसह अशा दोन्ही रूपांत द्या, कारण आवाजात मिसळलेला रिव्हर्ब (घुमारा) नंतर पूर्णपणे स्वच्छ काढता येत नाही. लय मध्येच बदलत असेल तर टेम्पोची मिडी फाइल (आवाज नव्हे, फक्त लयीच्या सूचना असलेली फाइल) जोडा. एबलटन हा संगीताचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना त्यातला वॉर्प (आवाज लयीत ताणणारी सोय) बंद करायला सांगा, नाहीतर प्रोग्राम लय स्वतः ओळखायला जातो आणि स्टेम ताणतो. पाठवण्याआधी मास्टरवरचे (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवरचे) सगळे इफेक्ट काढून एक मिक्स काढा, त्याची पोलॅरिटी उलटी करा (ध्वनिलहरीचं वर-खाली उलटं करा) आणि सगळ्या स्टेमबरोबर वाजवा. शांतता हवी. काही ऐकू आलं तर तोच भाग राहून गेला आहे किंवा दोनदा आला आहे. कोरस किंवा फेजरसारखे दर वेळी वेगळे फिरणारे इफेक्ट मात्र थोडा अवशेष सोडतात, त्याने घाबरू नका.

परवान्यात लोक जिथे फसतात ती जागा म्हणजे विकतचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे. बहुतेक सॅम्पल पॅक गाण्यात वापरायची मुभा देतात, पण लूप सुटा वाटायची देत नाहीत. तुमच्या ड्रम स्टेममध्ये फक्त तसा लूप असेल तर तो स्टेम देणं म्हणजे लूपच वाटणं झालं. त्या जागी स्वतः वाजवलेलं काहीतरी ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमध्ये एनडी (बदल करायला मनाई) लिहिलेला कोणताही परवाना रीमिक्ससाठी बाद. बीवाय (फक्त श्रेय द्यायचं) सगळ्यात सुटसुटीत. बीवाय-एसए आणि बीवाय-एनसी-एसए असा माल एकाच रीमिक्समध्ये मिसळता येत नाही (एसए म्हणजे रीमिक्सलाही तोच परवाना, एनसी म्हणजे व्यापारी वापर नाही), म्हणून चौघांचा परवाना एकच असू द्या. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, तेव्हा चौघांची लेखी संमती घेतल्याशिवाय फाइली चढवू नका.